सूक्ष्म कणांवरचे पाणी

कळीच्या चुन्यावर पाणी ओतले म्हणजे काय होते, हे ज्याने जुन्या पद्धतीच्या बांधकामाजवळचा चुन्याचा हौद एकदा तरी पाहिला आहे, त्याला सांगावे लागत नाही. प्रथम खडे पाणी पिऊन स्वस्थ बसल्यासारखे दिसतात. मग ते तडकू लागतात, फुगतात, त्यांतून वाफेचे लोट उठतात, हौदातले पाणी खदखदते, आणि सारा गोंधळ शमल्यावर मागे एक मऊ, पांढराशुभ्र लगदा उरतो. सिमेंटच्या युगात हे दृश्य शहरांतून जवळजवळ नाहीसे झाले असले, तरी पानाच्या तबकातील चुना याच मार्गाने सिद्ध होतो. कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम या धातूचे ऑक्साइड. पाण्याचा एकेक रेणू त्यात शिरतो आणि दुभंगतो. त्याचा एक हायड्रोजन ऑक्साइडमधील ऑक्सिजनला जाऊन मिळतो. उरलेली ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी कॅल्शियमला चिकटते. या जोडीला हायड्रॉक्सिल गट असे नाव आहे. पाण्याच्या एका रेणूपासून असे दोन गट तयार होतात, आणि या व्यवहारात १८ ग्रॅम पाण्यामागे सुमारे ६५ किलोजूल उष्णता बाहेर पडते. एक लिटर पाण्याचे तापमान १५ अंशांनी वाढवावयास एवढी उष्णता पुरते.

आता गेरूकडे पाहावे. गेरूतील तांबडा रंग हा लोहाच्या ऑक्साइडचा. तुळशीवृंदावनाला लावण्यासाठी तो पाण्यात कालवला, तर भांडे तापत नाही, वाफ निघत नाही, आणि वाळल्यावर गेरू पुन्हा पहिल्यासारखाच होतो. भिंतींना लावावयाच्या पांढऱ्या रंगातील टिटॅनियमचे ऑक्साइड, जस्ताचे ऑक्साइड, माणिक-नीलम ज्याचे बनलेले असतात ते ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, ही सारी मंडळी पाण्याशी अशीच अलिप्तपणे वागताना दिसतात. चुना उतावळा आणि बाकीचे संयमी, अशी त्यांची वाटणी करावीशी वाटते.

परंतु ही वाटणी वरवरची आहे. किंबहुना ती ‘वर’ पाहतच नाही, केवळ आत पाहते. गेरूच्या कणाचे अंतरंग कोरडे राहते हे खरे, पण त्याच्या अंगावर, अगदी बाहेरच्या एका थरात, चुन्याच्या हौदात जे घडते नेमके तेच घडलेले असते. कण मोठा असेल तर त्या एका थराला कोणी विचारीत नाही. कण जसजसा लहान होत जातो तसतसा तो थर मोठा होत जातो, आणि एक वेळ अशी येते की कणाचे वागणे त्याच्या अंतरंगावरून न ठरता या पाण्याच्या अस्तरावरून ठरू लागते. गेल्या काही दशकांत ज्या अतिसूक्ष्म कणांचा, म्हणजे अब्जांश कणांचा किंवा नॅनो-कणांचा, इतका गाजावाजा झाला, त्यांच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे.

पृष्ठभागावर असे काय निराळे असते? ऑक्साइडच्या स्फटिकाच्या पोटात धातूचा प्रत्येक अणू ऑक्सिजनच्या अणूंनी वेढलेला असतो. गेरूत किंवा माणकात ही संख्या सहा असते. यात्रेच्या गर्दीत मधोमध उभ्या असलेल्या माणसाला चहूबाजूंनी शेजारी असतात, पण कडेला उभ्या असलेल्याची एक बाजू उघडी पडते. स्फटिकाच्या कडेच्या अणूंचे तसेच आहे. त्यांचे काही बंध तुटलेले असतात आणि त्या तुटलेल्या बंधांची भूक शिल्लक असते. नवा पृष्ठभाग निर्माण करावयाचा म्हणजे बंध तोडावे लागतात, त्याला ऊर्जा खर्ची पडते, आणि ती ऊर्जा त्या पृष्ठभागात साठून राहते. हिलाच पृष्ठ-ऊर्जा म्हणतात. अशा भुकेल्या पृष्ठभागाजवळ पाण्याचा रेणू आला की त्याचा ऑक्सिजन उघड्या धातू-अणूला धरतो आणि पुष्कळदा त्याचा एक हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनकडे निसटतो. चुन्यात जशी जोडी फुटली तशी येथेही फुटते, आणि पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गटांची पेरणी होते. काही ठिकाणी रेणू फुटत नाही. तो अखंडच चिकटून राहतो. टिटॅनियमच्या ऑक्साइडवर, त्यातही रूटाइल या रूपाच्या एका विशिष्ट स्फटिक-पृष्ठावर, पाणी फुटते की अखंड राहते याविषयी विद्वानांत कित्येक दशके वाद चालला. याचे कारण वाद घालणाऱ्यांच्या हेकेखोरपणात नसून निसर्गात आहे: तेथे दोन्ही अवस्थांच्या ऊर्जेत इतके थोडे अंतर आहे की तराजू कोणत्या बाजूला झुकला हे सांगणेच दुरापास्त व्हावे.

हायड्रॉक्सिल गटांच्या या पहिल्या थरावर पाण्याचे रेणू पुन्हा हायड्रोजन-बंधांनी चिकटतात, त्यांवर आणखी चिकटतात, आणि बाहेर जावे तसतशी पकड सैल होत जाते. दमट हवेत ठेवलेल्या ऑक्साइडच्या भुकटीवर असे पाण्याचे काही थर सहज असतात. ती हाताला कोरडी लागते, डोळ्यांना कोरडी दिसते, तरीही ती कोरडी नसते.

बाहेरच्या पृष्ठावर चिकटण्याच्या या क्रियेला मराठीत अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी पोटात घेतो ते शोषण. कण ते अंगावर धरतो ते अधिशोषण. युरोपीय भाषांत या दोहोंतला भेद दाखविणारा शब्द १८८१ साली जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख कायझर याने रूढ केला. पण या विषयाला खरी शिस्त लागली ती एका विजेच्या दिव्यामुळे. अर्व्हिंग लँगम्यूर हा अमेरिकन रसायनज्ञ १९०९ साली स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत आला, तेव्हा टंगस्टनच्या तारेचे दिवे काही काळाने आतून काळे पडत आणि त्याचे कारण उमगत नव्हते. दिव्यातली हवा तर काढून टाकलेली असे. लँगम्यूरला आढळले की खरा उपद्रव पाण्याच्या वाफेचा आहे, आणि ती वाफ दिव्याच्या काचेच्या आतल्या अंगाला चिकटलेल्या पाण्यातून येते. ती तापलेल्या तारेवर फुटे, टंगस्टनचे ऑक्साइड काचेवर नेऊन बसवी, तेथे मोकळा झालेला हायड्रोजन त्या ऑक्साइडचा पुन्हा धातू करी, पाणी पुन्हा तयार होई आणि फेरा पुन्हा सुरू होई. थोडेसेच पाणी, पण ते कधी संपतच नसे. या अभ्यासातून पुढे पृष्ठभागावरील एका रेणू-जाडीच्या थराचा सिद्धांत लँगम्यूरने १९१६ ते १९१८ या वर्षांत मांडला आणि १९३२ चे नोबेल पारितोषिक त्याला पृष्ठभागांच्या रसायनासाठीच मिळाले. एकावर एक थर कसे रचले जातात याचे गणित १९३८ साली ब्रुनौअर, एमेट आणि टेलर या तिघांनी केले. त्यांतला टेलर म्हणजे पुढे हायड्रोजन बॉम्बच्या संदर्भात जगाला ठाऊक झालेला तोच एडवर्ड टेलर. भुकटीचे पृष्ठफळ मोजण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा आजही या तिघांच्या समीकरणाचा आधार घेतात.

पृष्ठफळाचा हा हिशेब एकदा करून पाहण्याजोगा आहे. टिटॅनियम ऑक्साइडचे ॲनाटेज नावाचे रूप घेतले आणि त्याचे एक मिलिमीटर व्यासाचे गोल दाणे केले, तर एक ग्रॅम दाण्यांचे सारे पृष्ठफळ अवघे १५ चौरस सेंटिमीटर भरेल. चार सेंटिमीटर लांबीरुंदीच्या कागदाच्या तुकड्याएवढे. आता त्याच एका ग्रॅमचे दहा अब्जांश मीटर व्यासाचे कण करावेत. एक अब्जांश मीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या कणांचे एकूण पृष्ठफळ सुमारे १५० चौरस मीटर होते, म्हणजे जवळजवळ दोन बॅडमिंटनच्या मैदानांएवढे. चिमूटभर भुकटी आणि दोन मैदाने! या पृष्ठावर पाण्याचा एकच थर बसला, आणि एका चौरस अब्जांश मीटरवर सुमारे दहा रेणू धरले, तर १०० ग्रॅम ऑक्साइडवर साडेचार ग्रॅम पाणी होते. तीन थर बसले तर तेरा-चौदा ग्रॅम. ज्या रसायनज्ञाने बाटलीतून ‘शुद्ध ऑक्साइड’ म्हणून ही भुकटी तोलून घेतली, त्याच्या पारड्यात आठवा हिस्सा पाणी असू शकते. मिलिमीटरच्या दाण्यांवर हेच पाणी इतके नगण्य असते की उत्तम तराजूलाही त्याची दखल घेण्याचे कारण पडत नाही.

हे पाणी भुकटी तापवून घालविता येईल असे कोणी म्हणेल. बाहेरचे सैल थर शंभर-दीडशे अंशांवर निघून जातात हे खरे आहे. हायड्रॉक्सिल गट मात्र कित्येक शे अंशांपर्यंत चिवटपणे टिकून राहतात, आणि त्यांना हुसकावून लावण्याची किंमत मोजावी लागते. दोन शेजारच्या कणांवरचे दोन हायड्रॉक्सिल गट समोरासमोर आले की त्यांच्यातून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि मागे एक ऑक्सिजन उरतो, जो दोन्ही कणांना धरून असतो. असे पूल बांधले जाऊन सुटे कण एकमेकांना जखडतात, आणि मोठ्या परिश्रमाने केलेल्या सूक्ष्म भुकटीचे भरड खडे होतात. म्हणूनच असे कण तयार करणारे पुष्कळ कारागीर ओला साका वाळविण्यापूर्वी पाण्याऐवजी अल्कोहोलने धुऊन घेतात. अल्कोहोलचे रेणू हायड्रॉक्सिल गटांच्या जागा अडवितात आणि पूल बांधले जाण्याचे प्रमाण पुष्कळ घटते.

पाणी किती आहे हे कळले, तरी ते किती घट्ट धरलेले आहे हे कळल्यावाचून गोष्ट पुरी होत नाही. त्यासाठी उष्णतामापकाचा उपयोग होतो. निर्वातात तापवून कोरड्या केलेल्या कणांवर पाण्याच्या वाफेचा अगदी लहानसा हप्ता सोडावयाचा, किती उष्णता निघाली ती मोजावयाची, पुन्हा एक हप्ता सोडावयाचा, असे हे किचकट काम आहे. अमेरिकेत अलेक्झांड्रा नॅव्ह्रोट्स्की या विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने अनेक ऑक्साइडांची तपासणी केली. चित्र सर्वत्र साधारण एकसारखे दिसते. पहिल्या हप्त्यांना १८ ग्रॅम पाण्यामागे शंभर किलोजूलहून अधिक उष्णता निघते. मग ती उतरत जाते आणि शेवटी ४४ किलोजूलवर येऊन स्थिरावते. ४४ हा आकडा पाण्याची वाफ साध्या पाण्यात रूपांतरित होताना निघणाऱ्या उष्णतेचा आहे. म्हणजे तेथून पुढे आलेल्या रेणूला आपण ऑक्साइडवर बसलो आहोत की पाण्यावर, याची जाणीवच उरत नाही. आता चुन्याच्या आकड्याशी तुलना करावी. चुन्याचे ६५ किलोजूल द्रव पाण्यासाठी होते; वाफेसाठी त्यात ४४ मिळवावे लागतात, म्हणजे १०९ होतात. अलिप्त समजले जाणारे ऑक्साइड पहिल्या घोटाला कळीच्या चुन्याइतकेच आवेशाने झडप घालतात, हे या आकड्यांनी स्पष्ट होते. फरक एवढाच की त्यांची तहान एका थरात भागते.

ही तहान भागली म्हणजे कणाची पृष्ठ-ऊर्जा उतरते. ओल्या पृष्ठाची ऊर्जा कोरड्या पृष्ठापेक्षा कमी असते, आणि या एका वाक्यात फार मोठे परिणाम दडलेले आहेत. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे उदाहरण घ्यावे. त्याचे सर्वांत स्थिर रूप म्हणजे कुरुविंद. इंग्रजीतील त्याचे नावही भारतीय भाषांतूनच गेलेले आहे. माणिक आणि नीलम ही कुरुविंदाचीच रंगीत भावंडे. परंतु रसायनशाळेत ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड तापवून सूक्ष्म कण करू गेले, तर कुरुविंद मिळत नाही. गॅमा ॲल्युमिना नावाचे एक ढिसाळ रचनेचे रूप मिळते आणि ते हजार अंशांच्या आसपास तापविल्याशिवाय कुरुविंदाकडे वळत नाही. खनिज तेलाच्या शुद्धीकरणात उत्प्रेरकांना आधार म्हणून हेच रूप टनावारी वापरले जाते. कमी स्थिर असलेले रूप इतक्या हट्टाने का जन्म घेते, हे कोडे फार दिवस होते. घाईत तयार झालेला पदार्थ पूर्णत्वाला जाण्यास सवड मिळत नाही, असे त्याचे उत्तर देऊन वेळ निभावली जाई.

१९९७ साली नॅव्ह्रोट्स्की आणि तिच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात निराळे उत्तर दिले. त्यांनी दोन्ही रूपांचे सूक्ष्म कण वितळलेल्या क्षारात विरघळवून उष्णता मोजली, त्यातून अंगावरच्या पाण्याचा वाटा काळजीपूर्वक वजा केला आणि पृष्ठ-ऊर्जा काढली. कुरुविंदासाठी ती एका चौरस मीटरला सुमारे २.६ जूल निघाली, गॅमा रूपासाठी सुमारे १.७. याचा अर्थ असा की कुरुविंदाचे अंतरंग स्वस्त पण अंग महाग. गॅमाचे अंतरंग महाग पण अंग स्वस्त. मोठ्या खड्यात अंतरंगाचे पारडे जड असते म्हणून कुरुविंद जिंकतो. एका ग्रॅमला सुमारे १२५ चौरस मीटरपेक्षा अधिक पृष्ठफळ झाले की अंगाचे पारडे जड होते आणि गॅमा रूपच खरोखर अधिक स्थिर ठरते. तेव्हा गॅमा ॲल्युमिना हे घाईचे अपत्य नसून त्या आकारमानाला निसर्गाने मान्य केलेले रूप आहे. पाण्याचा वाटा वजा केला नसता, तर हा हिशेब चुकला असता. टिटॅनियमच्या ऑक्साइडातही हाच न्याय दिसतो: मोठ्या स्फटिकांत रूटाइल स्थिर, तर सुमारे १४ अब्जांश मीटरच्या खाली ॲनाटेज.

जर स्थैर्य पृष्ठ-ऊर्जेवर अवलंबून आणि पृष्ठ-ऊर्जा पाण्यावर अवलंबून, तर केवळ पाणी घालून कणाची आतली रचना बदलता यावी. ही कल्पना ऐकताना अतिशयोक्तीची वाटते. पण २००३ साली कॅलिफोर्नियातील एका संशोधक-गटाने नेमके हेच दाखविले. पदार्थ ऑक्साइड नव्हता, जस्ताचे सल्फाइड होते, एवढे नमूद केले पाहिजे. तीन अब्जांश मीटरचे कण मेथॅनॉलमध्ये ठेवलेले होते आणि त्यांची रचना आतपर्यंत विस्कटलेली होती. त्यांत साध्या खोलीच्या तापमानाला पाणी घालताच पृष्ठाबरोबर अंतरंगाचीही विस्कट कमी झाली आणि रचना नीट लागली. एवढ्या लहान कणाला आत आणि बाहेर असे वेगळे काही उरलेलेच नसते.

पाण्याचे हे अस्तर कधी उपकारक तर कधी उपद्रवी ठरते. उपद्रवाचे एक उदाहरण स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखणाऱ्या यंत्रात मिळते. जपानमध्ये नाओयोशी तागुची याने १९६२ साली कथिलाच्या ऑक्साइडचा असा संवेदक सिद्ध केला. घरगुती गॅसच्या स्फोटांनी त्या काळी तेथे चिंता निर्माण केली होती. या यंत्राचे तत्त्व सोपे आहे. तापलेल्या कथील-ऑक्साइडच्या कणांवर हवेतील ऑक्सिजन बसतो आणि कणातले इलेक्ट्रॉन ओढून घेतो. त्यामुळे कणांच्या थरातून वीज जाण्यास अडथळा होतो. जळाऊ वायू आला की तो या ऑक्सिजनला खाऊन टाकतो, इलेक्ट्रॉन परत मिळतात, अडथळा उतरतो आणि घंटा वाजते. इलेक्ट्रॉन हिरावले गेलेला बाहेरचा पट्टा सुमारे तीन अब्जांश मीटर जाडीचा असतो. म्हणून कण सहा अब्जांश मीटरच्या आसपास आले की संपूर्ण कणच या देवघेवीत ओढला जातो आणि संवेदक अतिशय तीक्ष्ण होतो.

पण पाण्याची वाफही तेथे पोहोचते. तीही हायड्रॉक्सिल गट तयार करते, ऑक्सिजनच्या जागा बळकावते आणि इलेक्ट्रॉन परत करते. यंत्राला वाफ आणि गॅस यांतला भेद सहज कळत नाही. मे महिन्यातील नागपूरच्या रखरखीत हवेत आणि जुलैतल्या मुंबईच्या ओलीत हा एकच संवेदक दोन भाषा बोलू लागतो. म्हणून त्याला आतून शेगडी ठेवून कित्येक शे अंश तापवीत राहावे लागते आणि आर्द्रतेच्या मानाने त्याचे वाचन दुरुस्त करावे लागते. दमट हवेत खोटी घंटा वाजू नये आणि खरी वाजावयाची राहू नये, ही कसरत साधताना तज्ज्ञांचा किती वेळ गेला असेल याची घंटा ऐकणाऱ्याला कल्पना नसते.

उपकारक बाजूचे उदाहरण मात्र याहून अधिक मोलाचे आहे, कारण तेथे प्रश्न पिण्याच्या पाण्याचा आहे. ऑक्साइडवरील हायड्रॉक्सिल गट हे पाण्यात बुडाल्यावर निष्क्रिय राहत नाहीत. पाणी आम्लधर्मी असेल तर ते एक प्रोटॉन स्वीकारून धनभारित होतात. अल्कधर्मी असेल तर प्रोटॉन देऊन ऋणभारित होतात. ज्या पीएच मूल्याला दोन्ही भार सारखे होतात ते प्रत्येक ऑक्साइडचे ठरलेले असते: टिटॅनियमचे सहाच्या आसपास, लोहाचे आठच्या आसपास, ॲल्युमिनियमचे साधारण नऊ. विहिरीचे पाणी बहुधा सात-आठच्या दरम्यान असते, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडवर त्यात धनभार असतो आणि लोहाच्या ऑक्साइडवरही बहुधा थोडा असतो. ऋणभारित विषे तिकडे ओढली जातात, आणि एवढ्यावर न थांबता हायड्रॉक्सिल गटाला बाजूला सारून त्याची जागा घेतात. पाण्यातील जादा फ्लुओराइडने आंध्र, राजस्थान आणि इतर प्रांतांत दात व हाडे विद्रूप झालेली माणसे सर्वांनी पाहिली आहेत. सक्रिय ॲल्युमिनाच्या गाळणीत हेच फ्लुओराइड हायड्रॉक्सिलच्या जागी अडकते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘नलगोंडा’ पद्धतीत तुरटी आणि चुना वापरतात. तेथेही तुरटीपासून सुटलेल्या ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा साका फ्लुओराइडला आपल्याबरोबर खाली घेऊन बसतो. कळीच्या चुन्याचे हे नातेवाईक असे अनपेक्षित ठिकाणी भेटतात.

आर्सेनिकचा प्रश्न याहून भीषण आहे. १९८३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांच्याकडे हातापायांवर डाग आणि खरबरीत गाठी असलेले खेडूत येऊ लागले, आणि रोगाचे मूळ त्यांच्या कूपनलिकांच्या पाण्यात असल्याचे उघडकीस आले. तलावाच्या गढूळ पाण्यातले रोगजंतू टाळावेत म्हणून बंगालच्या दोन्ही भागांत लक्षावधी कूपनलिका खोदल्या गेल्या होत्या. त्यांचे पाणी स्वच्छ, थंड आणि चवीला गोड होते. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, आणि पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढतेच. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा एका लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे.

लोहाच्या ऑक्साइडांना आर्सेनिकची विशेष ओढ आहे. क्ष-किरणांच्या साहाय्याने असे दिसून आले आहे की आर्सेनेट हा घटक पृष्ठावरचे दोन शेजारचे हायड्रॉक्सिल गट बाजूला सारून दोन लोह-अणूंना एकदम पकडतो. अशा दुहेरी पकडीतून तो साध्या धुण्याने सुटत नाही. मग ज्या लोह-ऑक्साइडवर हायड्रॉक्सिल गट सर्वांत अधिक, ते सर्वांत उत्तम. आणि तसे रूप म्हणजे फेरिहायड्राइट. लोखंडी नळाच्या तोंडाशी किंवा लोहयुक्त झऱ्यात जो तांबूस, बुळबुळीत गाळ दिसतो, त्यात हे असते. त्याचे कण दोन ते सहा अब्जांश मीटरचे, आणि पाणी त्यांच्या अंगाखांद्यावर इतके मुरलेले की कण कोठे संपतो आणि पाणी कोठे सुरू होते हे सांगणे कठीण. पण येथेच एक अडचण उभी राहते. फेरिहायड्राइट हे टिकाऊ रूप नव्हे. पाण्यात ठेवले की ते हळूहळू गोएथाइट किंवा हेमटाइट या भरड, स्थिर रूपांत बदलते. कण वाढतात, पृष्ठफळ घटते आणि आर्सेनिक धरण्याच्या जागाही घटतात. वाळवावे आणि तापवावे तर तोच शेवट अधिक लवकर येतो. म्हणजे ज्या अस्तरावर सारी मदार, ते अस्तर राखावयाचे कसे?

मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत थलप्पिल प्रदीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीतून मार्ग काढला. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून कायटोसन नावाचा पदार्थ मिळतो. त्याच्या जाळीदार पिंजऱ्यात त्यांनी फेरिहायड्राइटचे कण पाण्यातच, भट्टी न लावता, तयार केले. पिंजऱ्यातले कण एकमेकांना भिडू शकत नाहीत, म्हणून ते मोठे होत नाहीत आणि त्यांचे रूपही टिकून राहते. त्यांच्या अंगावरचे पाणी कधी पुरते काढून घेतले जात नाही. या कामाचे शास्त्रीय वर्णन २०१७ साली प्रसिद्ध झाले. ‘अमृत’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाळण्या पश्चिम बंगालसह काही राज्यांत बसविण्यात आल्या, आणि प्रदीप यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. या गाळणीला वीज लागत नाही. पाणी दाण्यांच्या थरातून आपल्या ओघाने खाली उतरते.

तरीही काम संपलेले नसते. भूजलात आर्सेनिक पुष्कळदा आर्सेनाइट या भाररहित रूपात असते आणि ते आर्सेनेटइतक्या सहजतेने हाती लागत नाही. शेतातून झिरपलेले फॉस्फेट, आकाराने आणि भाराने आर्सेनेटचे जुळे भावंड असल्यामुळे, त्याच हायड्रॉक्सिल गटांवर हक्क सांगते. ज्या विहिरीत फॉस्फेट अधिक, तेथे गाळणी लवकर भरते. आणि भरली म्हणजे बाहेरून काहीच दिसत नाही. दाणे तसेच तांबडे, पाणी तसेच स्वच्छ आणि गोड. त्यामुळे गाळणीतून उतरलेल्या पाण्याचा नमुना ठराविक मुदतीने तपासणीसाठी पाठवावा लागतो, आणि जुने दाणे विहिरीकाठी न टाकता वेगळे गोळा करून न्यावे लागतात.